खुर्चीखालची निळी बॅग

विष्णूमामाचं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी मला चारूदादाकडे ग्रीसच्या स्लाइड्स बघायला जायचं होतं. नशीब एरवी आमच्याकडे कधी वेळेवर फिरकत नाही, त्या दिवशी मात्र अगदी घड्याळ लावून आलं.

एरोग्रामवर मामाचं थरथरतं अक्षर होतं. "चि. सुमेधास अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्रात लिहिल्याप्रमाणे चारुदत्त येणार म्हणून अठ्ठावीस जूनला सकाळी सहापासून संगमावर जाऊन बसलो. गुरुजींना सांगून ठेवले होते. दुपारी बारापर्यंत वाट पाहिली. गाडी चुकली असेल म्हणून दुसऱ्या दिवशीही गेलो. तो आला नाही. त्याची प्रकृती बरी आहे ना? ताईला घेऊन तुम्ही कधी येता ते कळवावे. माझे आता काही खरे नाही."

ताई म्हणजे माझी आई, सुमित्रा. त्याच वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, ती अमेरिकेत, दादाच्या वेस्ट विंडसरच्या घरी वारली. नातीला सांभाळायला म्हणून सहा महिन्यांसाठी आली होती आणि बर्फाच्या ढिगाकडे बघत बघत एका सकाळी संपली. जायच्या आधी आठवडाभर एकच सांगत होती, "मला इथं ठेवू नका रे. हरिपूरला न्या." हरिपूर हे तिचं माहेर, सांगलीजवळचं. तिथं कृष्णा आणि वारणा भेटतात. त्या संगमावर तिचे आईवडील, आजी-आजोबा सगळे गेलेले. आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं असेल तर एवढंच.

फ्यूनरल होमने आम्हाला बुटांच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा तपकिरी डबा दिला. वर नंबराचं लेबल. आत करड्या रंगाची, जाड रव्यासारखी पूड, चांगली अडीच-तीन किलो. मी तो डबा आईच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळला आणि विमान कंपनीने कधीतरी फुकट दिलेल्या निळ्या बॅगेत ठेवला. विमानतळावर चटकन ओळखता यावी म्हणून बॅगेच्या बंदाला लाल नाडा बांधला. आपले सगळेच लोक बांधतात तसा.

मी स्वतः का नाही गेले? माझ्या ग्रीन कार्डचा अर्ज चालू होता. मी प्रिन्स्टनजवळच्या एका लॅबमध्ये रिसर्च करत होते, आणि अर्ज अडकलेला असताना देश सोडला की अर्जही गेला आणि नोकरीही. दादाचं तसं नव्हतं. तो हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, हातात अमेरिकन पासपोर्ट. जूनमध्ये त्याच्या हॉस्पिटलातला सर्जन वॉल्टर ग्रीसला शिडाची बोट भाड्याने घेऊन बेटाबेटांवर फिरणार होता. दादा आणि मृणालिनीवहिनी त्याच्याबरोबर जाणार होते. दोन आठवड्यांनी वहिनी घरी परतणार आणि दादा अथेन्सहून मुंबईला, तिथून सांगलीला जाणार, असं ठरलं होतं.

"जाता जाता होऊन जाईल," दादा म्हणाला होता. त्या 'जाता जाता'लाच खरं तर मी हरकत घ्यायला हवी होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आल्यावर त्याने फोन केला. "सगळं यथासांग झालं, सुमे. नदीला पाणी भरपूर होतं. गुरुजीपण चांगले होते." मी फोनवर ढसाढसा रडले आणि त्याला थँक्यू म्हटलं. सख्ख्या भावाला थँक्यू! आता मामाचं पत्र वाचताना मला त्या थँक्यूचीच जास्त लाज वाटली.

पत्र वाचल्यावर मी त्याला फोन करू शकले असते. केला नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं. शिवाय एक वेडी आशा होती, की तो गेला नसेल, पण आई त्याच्या घरातच कुठेतरी असेल. कपाटात, बेसमेंटमध्ये, कुठेही. मी पत्र पर्समध्ये टाकलं आणि दहीवड्यांचं भांडं घेऊन निघाले. जेवण पॉटलक होतं ना. भाऊ आईला कुठे टाकून आलाय हे विचारायला जातानासुद्धा आपण एक पदार्थ घेऊन जातो.

दादाच्या लिव्हिंग रूममध्ये बारा-पंधरा माणसं होती, सगळी आपलीच. उल्हास आणि लतिका तर माझ्या आईच्या हातचं थालीपीठ खाऊन हात चाटलेले. वॉल्टर तेवढा एक गोरा, उन्हाने लाल झालेला, उंच, मोठ्याने हसणारा. वहिनीने काकडी-टोमॅटोवर चीजचे खडे टाकून ग्रीक सॅलड केलं होतं आणि जो भेटेल त्याला ती 'इथल्या चीजला ती चव नाही' असं सांगत होती. दोन आठवड्यांत बाई जिभेने ग्रीक झाली होती.

हात धुऊन येते असं सांगून मी जिन्याने वर गेले. आईची खोली उघडली. तिच्या कॉटच्या जागी आता व्यायामाची सायकल होती. कपाटात स्लीपिंग बॅगा, स्कीइंगचे बूट, नाताळचे दिवे. वरच्या फळीवर, खाली, मागे, सगळीकडे हात घालून पाहिलं. मग मागच्या जिन्याने उतरून गराज धुंडाळलं. लॉनमोअर, रंगाचे डबे, कोळशाची पोती. निळी बॅग नव्हती. मी तिथंच फ्रीझरला टेकून दोन मिनिटं उभी राहिले. आई घरात नाही, नदीत नाही, मग आहे कुठे?

"सुमे, ये लवकर, सुरू करतोय!" दादाने हाक मारली.

पडदा लावला होता. दिवे बंद झाले, प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरू लागला आणि पहिली स्लाइड खट्कन पडली. अथेन्सचं बंदर. डोलकाठ्यांचं रान, धक्क्यावर सामान, आणि सामानाशेजारी डोक्यावर कप्तानाची टोपी घातलेला माझा दादा.

सामानात निळी बॅग होती. बंदाला लाल नाडा.

मी खुर्चीत सरळ बसले. म्हणजे आई इथपर्यंत तरी गेली होती.

"घड्याळच काढून ठेवलं बघ," दादा सांगत होता. "सकाळी उठायचं, बोटीवरून सरळ पाण्यात उडी. मग पाव, टोमॅटो, चीज. वारा आला की शिडं उभारायची, नाही आला तर बसून राहायचं. कोणाचा फोन नाही, पेजर नाही. लाइफ म्हणजे ना यार, हे आहे."

"मानलं बुवा तुला," उल्हास म्हणाला. "आम्ही आपले दर वर्षी नायगारा करतोय."

लोक हसले. खट्, खट्, स्लाइड्स सरकत होत्या. केआ बेट, किथ्नोस बेट, सेरिफोस बेट. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं सगळं. पांढरी घरं डोंगराच्या उतारावर सांडलेली, निळी दारं, पायऱ्यांच्या फटी चुन्याने रंगवलेल्या, एका भिंतीवर झोपलेलं मांजर आणि एका गाढवावर बसलेला म्हातारा. त्या उन्हात जाऊन नुसतं बसावं असं मलाही वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. कारण बाकीचे लोक समुद्र बघत होते आणि मी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात आईला शोधत होते.

ती होती. सुकाणूशेजारच्या बाकाखाली होती. किथ्नोसच्या वाळूवर दादाच्या चपलांशेजारी होती. सेरिफोसच्या खानावळीत टेबलाच्या पायाशी होती. आई बिचारी पाण्याला घाबरायची. संगमावरच्या नावेतसुद्धा मधोमध बसून दोन्ही कडा धरून ठेवायची. आणि इथं ती बेट-बेट हिंडत होती, दारूच्या बाटल्यांच्या आणि उघड्याबोडक्या पायांच्या संगतीत.

"हे सिफ्नोस," दादा म्हणाला. "इथली खानावळ म्हणजे अप्रतिम. मालकीणबाईंनी आम्हाला घरच्यासारखं जेवू घातलं."

अंगणात निळ्या खुर्च्या, कुंपणापाशी लिंबाचं झाड, दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले ऑक्टोपस. पांढऱ्या एप्रनमधली एक जाडजूड बाई ताटली घेऊन येत होती. दादा हात पसरून हसत होता. त्याच्या खुर्चीखाली निळी बॅग, लाल नाडा जमिनीवर लोळणारा.

खट्. पुन्हा समुद्र. बोट एका बाजूला कललेली, वॉल्टर सुकाणूवर. बाकाखाली काही नव्हतं.

खट्. मिलोस बेट. हाडासारखे पांढरे खडक, दादा कलिंगड खाताना. बॅग नव्हती. खट्. दादा आणि वहिनी पोहताना. खट्. रात्रीच्या जेवणात दादा एका ग्रीक माणसाच्या खांद्यावर हात टाकून नाचताना. खट्, खट्. मिलोसचे चार दिवस, आणि एकाही स्लाइडमध्ये बॅग नव्हती. दादाचा चेहरा मात्र आधीपेक्षा जास्त हसरा होता.

"मागे घे ना जरा," मी म्हणाले.

"काय?"

"स्लाइड मागे घे. त्या खानावळीची."

"अगं, पुढे सूर्यास्त आहे एक—"

"मागे घे, दादा."

माझा आवाज चढला असणार, कारण लोकांच्या कुजबुजी थांबल्या. खट्, खट्, तो मागे येत गेला. निळ्या खुर्च्या आल्या. मी उठले, पडद्यापाशी गेले आणि बोट ठेवलं. माझ्या हातावर त्या बाईचा एप्रन पडला होता.

"ही बॅग कुठंय?"

"कुठली बॅग?"

"ही. मी नाडा बांधलेली. पुढच्या एकाही चित्रात नाही ती. कुठंय?"

वहिनी घाईघाईने उठली, "श्रीखंड आणू का सगळ्यांना?" म्हणाली. वॉल्टरने लतिकाला विचारलं, काय झालं म्हणून. तिने त्याला सांगितलं, ही त्या निळ्या बॅगेबद्दल विचारतेय.

"ओह, ती निळी बॅग!" वॉल्टर खुशीत हसला आणि इंग्रजीत सांगू लागला. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. "ती सिफ्नोसला त्या खुर्चीखालीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारूच्या लक्षात आलं. मी म्हटलं, परत जाऊ या. वारा उलटा आहे, पण अर्ध्या दिवसाचं तर काम आहे. तर म्हणाला, नको, जुने कपडे आहेत आईचे, काही महत्त्वाचं नाही त्यात."

काही महत्त्वाचं नाही त्यात. दादा माझ्याकडे बघत नव्हता, कार्पेटकडे बघत होता.

मी इंग्रजीतच बोलले, म्हणजे कोणाला भाषांतर करून गुळगुळीत करता येऊ नये. "वॉल्टर, त्या बॅगेत आमची आई होती. तिची रक्षा. चारू ती नदीत सोडायला इंडियाला घेऊन चालला होता."

वॉल्टरचा लाल चेहरा पांढरा पडला. त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. मग दादाकडे वळून म्हणाला, "चारू, मला सांगायचंस ना. मी त्याच मिनिटाला बोट वळवली असती. कोणीही वळवली असती."

हे ऐकून मला जे झालं ते मामाच्या पत्राने नव्हतं झालं. दादाचं एक वाक्य. इतकंच लागत होतं.

कोणीतरी दिवे लावले. आता आपल्या लोकांची जीभ सुटली. "आत्मा तर केव्हाच गेलेला असतो," एकजण म्हणाला. उल्हासने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस, सुमेधा. नदी काय नि समुद्र काय, शेवटी सगळं पाणी एकच."

"पाण्यात कुठे आहे ती?" मी म्हणाले. "खुर्चीखाली आहे."

दादा स्वयंपाकघरात निघून गेला. मी त्याच्या मागोमाग गेले आणि दार लावून घेतलं. पर्समधून मामाचं पत्र काढून त्याच्यासमोर आपटलं. त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"दोन दिवस," मी म्हणाले. "अडुसष्ट वर्षांचा माणूस दोन दिवस नदीकाठी बसून राहिला. तू कुठे होतास?"

"अथेन्सला. हॉटेलात." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "मी तिला रोज बरोबर न्यायचो, सुमे. सगळे म्हणायचे, बॅग बोटीवर राहू दे. मला नाही वाटायचं तिला एकटीला ठेवावं. म्हणून तर खाली उतरताना घेऊन जायचो. आणि त्या दिवशी... वाइन जरा जास्त झाली. वॉल्टर म्हणाला वारा चांगला आहे, चला, आणि आम्ही धावत सुटलो."

क्षणभर मला त्याची दया आली. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढचं लिहिणार आहे.

"मग दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस त्याला?"

"काय सांगू? बॅगेत आई आहे म्हणून? आठ दिवस सगळे त्या बॅगेवर पाय ठेवून जेवत होते. गोरे लोक काय म्हणाले असते? हॉस्पिटलभर झालं असतं, डॉक्टर मेलेल्या आईला हॅंडबॅगेत घेऊन फिरतो म्हणून. उद्या मी तिथं तोंड कसं दाखवलं असतं?"

"आणि मामाला तोंड कसं दाखवणार होतास?"

"म्हणून तर गेलो नाही ना तिकडे!"

माणूस इतका सरळ उत्तर देतो तेव्हा भांडायलाही जागा राहत नाही. त्याने सिंकवर तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं आणि जरा सावरल्यावर हळूच म्हणाला, "हे बघ, अजून वेळ गेलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामाला काय कळणार आहे? बार्बेक्यूमधली थोडी राख घेऊ. हाडं का नाहीत म्हणाला तर सांगायचं, तिकडची भट्टी फार कडक असते."

काकडी कापायची सुरी माझ्या हाताशी होती. ती मी आधी लांब सरकवली आणि मग बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं, वॉल्टरलासुद्धा, आणि त्याला भाषा येत नसली तरी समजलं असणार. शेवटी मी म्हणाले, "कोंबड्या भाजतोस तू त्याच्यावर. ती राख आई म्हणून मामाच्या हातात देणार?"

दादा खालमानेने ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने वर पाहिलं. "तुझं ग्रीन कार्ड मेमध्ये आलं होतं," तो म्हणाला. "मी जूनमध्ये गेलो. मग तू का नाही गेलीस?"

उत्तर मला ठाऊक होतं. जुलैत माझा पेपर होता, बॉस्टनच्या परिषदेत. आणि दादा जाणारच होता. मेच्या शेवटच्या रविवारी मी ती बॅग त्याच्या गराजमध्ये ठेवून परत निघाले, तेव्हा गाडीत मला हलकं वाटलं होतं. रेडिओ लावला होता मी. 'जाता जाता' हा शब्द त्याचा होता, पण त्याच्यावर विसंबून मीही मोकळी झालेच होते.

मी दहीवड्यांचं भांडं तिथंच ठेवून घरी गेले.

पुढचं सगळं वॉल्टरने केलं. त्याने बोटवाल्या कंपनीला फोन लावले, सिफ्नोसच्या बंदरावर निरोप धाडले, खानावळीच्या बाईला पत्र लिहिलं, एकदा नाही, तीनदा. माझा भाऊ मात्र मधल्या काळात मला टाळत होता. ऑक्टोबरात वॉल्टर स्वतः माझ्या अपार्टमेंटवर आला. त्याच्या हातात एक पार्सल होतं, आणि बाईच्या मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी. वॉल्टरने ती वाचून दाखवली नाही, नुसती माझ्या हातात दिली.

तिच्यात लिहिलं होतं, की त्या मुलाच्या आईने बॅग महिनाभर सांभाळली. कोणी आलं नाही म्हणून उघडली. डब्यात राख होती. राख झाडांना चांगली, म्हणून ती लिंबाच्या झाडाला घातली. ती तुमच्या माणसाची होती हे कळल्यापासून आई रडते आहे. रविवारी ती झाडापाशी दिवा लावते. कापड फार चांगलं होतं, ते तिने वापरलं नाही, धुऊन ठेवलं होतं. परत पाठवत आहोत. क्षमा करा.

पार्सलमध्ये आईचं इरकली लुगडं होतं. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं, घड्यांमध्ये कुठल्यातरी वाळक्या पानांचा वास. परक्या बाईने माझ्या आईच्या लुगड्याला इस्त्री केली होती. आईच्या पोटच्या पोराने तिला जुने कपडे म्हटलं होतं. आणि पोटच्या पोरीने? पोरीचा पेपर चांगला झाला बॉस्टनला. टाळ्या पडल्या.

मामाची आणखी दोन पत्रं आली. दोन्हींत तोच प्रश्न, ताईला घेऊन कधी येता? मी खरं सांगायला म्हणून चार वेळा बसले. 'ती. मामांस सा. न.' एवढं लिहून व्हायचं. पुढे काय लिहू? तुमची ताई एका लिंबाच्या झाडाच्या मुळाशी आहे आणि तिथं कोणत्या रस्त्याने जायचं हेही तुम्हाला ठाऊक नाही? पाचव्या वेळी मी लिहिलं, "दादा ऐन वेळी आजारी पडला. आई माझ्याजवळ आहे. डिसेंबरात मी स्वतः घेऊन येते."

निघायच्या आदल्या दुपारी मी दादाकडे गेले. तो हॉस्पिटलात होता. वहिनीने काही न विचारता मागचं दार उघडून दिलं. मी त्याची बार्बेक्यूची शेगडी साबण लावून चार वेळा घासली, कोरडी केली आणि लुगडं तिच्यात ठेवून पेटवलं. आईला गुंडाळलेलं होतं ते, एवढाच माझ्यापाशी आधार होता. बघता बघता जळालं. नऊवारी लुगड्याची राख दोन मुठी भरली.

हरिपूरला पहाटे थंडी होती. मामा काठी टेकत माझ्या आधीच संगमावर पोहोचला होता, स्वच्छ धोतर, खांद्यावर पंचा. मी तांब्याचं भांडं त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं आणि हात जरा खालीवर करून पाहिला, ओझं जोखावं तसा.

"केवढीशी झाली गं ताई," तो म्हणाला. "मला कडेवर घेऊन या घाटावर यायची ती."

मग त्याने भांड्यावरचं फडकं सोडलं. बोटांनी राख चाचपली. गावातल्या कितीतरी माणसांच्या अस्थी त्याने त्या हातांनी वेचल्या होत्या. थोडी राख चिमटीत धरून त्याने नाकाशी नेली.

"हाड नाही एकही," तो म्हणाला.

"तिकडची भट्टी फार कडक असते, मामा," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. गुरुजी पलीकडे दर्भ मांडत होते, त्यांना काही ऐकू गेलं नसावं. मामा काठी माझ्या हातात देऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला. आईचं नाव, गोत्र, सगळं खणखणीत उच्चारून त्याने भांडं उपडं केलं. राख इतकी हलकी होती की पाण्यावर पडायच्या आधी थोडी वाऱ्यानेच गेली.

मी त्याला हात धरून वर घेतलं. तो कुडकुडत होता. पंच्याने अंग पुसलं, काठी मागून घेतली आणि घाट चढायला लागला. मी मागून चालत होते. शेवटच्या पायरीवर तो थांबला, पण वळला नाही.

"चारूला कळव," मामा म्हणाला, "सगळं यथासांग झालं म्हणून."